टॉवरवरच्या जोड-अँटेनांचं समुद्री कूळ

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना महामार्गालगतच्या मोबाइल टॉवरवर पांढऱ्या उभ्या पेट्या दिसतात. बहुतेक पेट्यांच्या आत अँटेनांचे दोन तिरपे संच असतात, एकमेकांशी काटकोनात. काम एकाने भागत असताना दोन कशाला? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर सिलिकॉन व्हॅलीच्या आधी अरबी समुद्र लागतो आणि वाटेत दोनदा पुणे लागतं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आधी दुखणं समजून घेऊ. आपल्याकडच्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावात दोन दगड टाकले की त्यांच्या लाटा कुठे एकमेकींवर चढतात, तर कुठे एकमेकींना पुसून टाकतात. टॉवरची लहरही फोनपर्यंत एका वाटेने येत नाही. काही भाग थेट येतो, काही राइसमिलच्या भिंतीवरून परततो, रोवणीच्या दिवसांत पाण्याने भरलेल्या बांध्यांवरूनही उसळतो. 900 मेगाहर्ट्झची लहर साधारण 33 सेंटिमीटर लांबीची असते. त्यामुळे वीतभर सरकलं तरी आवाज तुटतो किंवा पुन्हा जुळतो. एक वाट दहापैकी एकदा बुडत असेल आणि दुसरी वाट तिच्यापासून स्वतंत्र असेल, तर दोन्ही एकाच वेळी बुडण्याचा संभव शंभरात एक. जोडीची सगळी ताकद या हिशेबात आहे.

हा हिशेब जुना आहे. आरसीए कंपनीच्या बेव्हरेज आणि पीटरसन यांनी 1931 साली दूरदूर उभारलेल्या अँटेनांवर एकच संदेश घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच्याही आधी, 1927 साली, इंग्लंडशी बिनतारी संदेशांसाठी खडकीला प्रक्षेपण केंद्र आणि दौंडला ग्रहण केंद्र सुरू झालं. मार्कोनी कंपनीच्या फ्रँकलिनने आखलेली तिथली अँटेना म्हणजे उभ्या तारांचा अख्खा पडदाच होता. सगळ्या तारा एका तालात चालवल्या की लहर चहूकडे न विखुरता एका दिशेला झोत होऊन जाते. पुण्याचा हा पहिला मुक्काम. पण या दोन्ही पद्धतींत परावर्तन शत्रूच मानलं जात होतं.

परावर्तनाला मित्र कोणी केलं, यावर माझा सगळा भर आहे.

9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' बुडवली. त्यानंतर नौदलाने आपल्या जहाजांवरच्या सोनारची उणीव दूर करायचं काम ज्या तरुण अधिकाऱ्याकडे दिलं, ते आरोग्यस्वामी पॉलराज. जन्म तमिळनाडूतला, शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि पुढे दिल्लीच्या आयआयटीत. नंतर त्यांच्या नेतृत्वाखाली कोचीत 'अप्सो' हा देशी सोनार घडला आणि माझगाव गोदीत बांधलेल्या 'आयएनएस हिमगिरी'वर 1980च्या दशकात चढला. सोनार मुळात अनेक-ग्राहकांचं यंत्र आहे. पाण्याखाली ओळीने बसवलेले संवेदक एकच आवाज किंचित वेगवेगळ्या क्षणी ऐकतात, आणि त्या फरकातून दिशा काढायची असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ. तिथे आवाज तळावर आणि पृष्ठभागावर आपटत येतो, शुद्ध एकेरी प्रतिध्वनी मिळतच नाही.

या माणसाची गाठ 1983 नंतर स्टॅनफर्डला थॉमस कैलाथ यांच्याशी पडली. कैलाथ मल्याळी घरातले, पण जन्म पुण्याचा (1935), शाळा सेंट व्हिन्सेंट्स, आणि 1956 साली पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचाराची पदवी. हा पुण्याचा दुसरा मुक्काम. पॉलराज मधल्या काळात भारतात येऊन पुन्हा स्टॅनफर्डला गेले. हवाई टेहळणीसाठी एकमेकांत मिसळलेले संकेत वेगळे करताना त्यांच्या लक्षात आलं, की भोवती परावर्तनं भरपूर असतील तर एकमेकांना खेटून असलेले स्रोतही सुटे करता येतात. मग एकाच कंप्रतेवर, वेगवेगळ्या अँटेनांवरून वेगवेगळे प्रवाह का सोडू नयेत? पॉलराज आणि कैलाथ यांनी 1992 साली पेटंटचा अर्ज केला, 1994 साली ते मिळालं. आज या घराण्याला 'मायमो' म्हणतात. पॉलराजांना त्यासाठी 2014 चं मार्कोनी पारितोषिक मिळालं.

प्रतिपक्ष कमकुवत नाही. बेल लॅब्जच्या जॅक विंटर्स यांनी 1987 मध्येच अनेक अँटेनांनी क्षमता वाढण्याचं गणित मांडलं होतं. तिथलेच जेरार्ड फोशिनी यांनी 1996 साली त्याला पक्का सैद्धांतिक पाया दिला. रॅली आणि चॉफी यांचं कामही त्याच सुमाराचं. ही मंडळी सोनारच्या वाटेने आली नाहीत, हे खरं. तरी माझा तर्क मी सोडत नाही. कागदावरच्या गणिताला परावर्तन म्हणजे समीकरणातलं एक पद. ज्याने वर्षानुवर्षं गढूळ प्रतिध्वनीतून पाणबुडी शोधली, त्याला तेच परावर्तन कामाचं दिसणं अधिक स्वाभाविक होतं. आणि पेटंटची तारीख फोशिनींच्या लेखाच्या आधीची आहे.

एक गोष्ट मात्र प्रतिपक्षाला द्यावीच लागते. स्टॅनफर्डची शाखा वेग वाढवते. आवाज तुटू नये ही भरवशाची शाखा वेगळी, आणि तिचा कळस सियावश अलामूती यांचा 1998 सालचा लेख आहे. आरसीएच्या पद्धतीत सगळा भार घेणाऱ्याकडे होता. मुठीएवढ्या फोनमध्ये दूरदूर अँटेना कुठे बसवणार? अलामूतींनी भार टॉवरवर टाकला. पहिल्या क्षणी दोन अँटेनांवरून दोन चिन्हं जातात. पुढच्या क्षणी तीच चिन्हं अदलाबदल करून, एकाची खूण उलटवून आणि थोडा गणिती फेरफार करून जातात. फोनकडे एकच अँटेना असली तरी साध्या गणिताने दोन्ही चिन्हं सुटतात आणि प्रत्येक चिन्हाला दोन वाटांचा लाभ मिळतो. टॉवरला वाटेची आगाऊ माहितीही लागत नाही.

फोरजीत दोन्ही शाखा एकाच टॉवरवर नांदतात. फोन सतत टॉवरला वाटेची स्थिती कळवत असतो. भंडारा शहरात संकेत जोरकस असला की वेगळे प्रवाह सुटतात. कोका अभयारण्याच्या कडेच्या गावात, टॉवर लांब आणि मध्ये झाडी, तिथे संकेत खालावतो तेव्हा टॉवर तो नाद सोडून एकच संदेश दोन वाटांनी पाठवू लागतो. त्या गावांत फोन लागतो तो अलामूतींच्या तंत्रावर.