बस्तरचे सालवन आणि कागदाचा पाइन

रायपूरहून दक्षिणेस गेल्यावर बस्तरची सालवने लागतात. १९७५च्या सुमारास, जागतिक बँकेच्या साहाय्याने, त्यांतील काही तोडून कागदाच्या लगद्यासाठी विदेशी पाइन लावण्याची योजना तत्कालीन मध्य प्रदेशात आखली गेली. हिशेबात राशी एकच होती : दर हेक्टरी लाकूड. सालबिया व पाने वेचणारी आदिवासी कुटुंबे आणि जुन्या वृक्षांच्या ढोलीत घरटे करणारी पहाडी मैना त्या समीकरणात नव्हती. आदिवासींच्या विरोधानंतर १९८०च्या दशकारंभी योजना गुंडाळली गेली. सालबियांची उगवणक्षमता काही दिवसांतच संपते. म्हणून तोडलेले सालवन पुन्हा उभे करणे दुष्कर. लाकूड हवेच, परंतु कोणते वन राखायचे, हे कुऱ्हाड उचलण्यापूर्वी ठरले पाहिजे.