भाकरीवर चालणारी संदेशयंत्रणा : काँग्रेस रेडिओ आणि साताऱ्याचे निरोपे

१२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री मुंबईत गिरगावातील पारेख वाडीत पोलीस शिरले. आत काँग्रेस रेडिओचे गुप्त प्रक्षेपण चालू होते. उषा मेहता यांना तिथेच अटक झाली. त्या वेळी त्यांचे वय २२ वर्षांचे होते. ऑगस्टच्या अखेरीस ४२.३४ मीटरवर सुरू झालेला हा आवाज तीन महिनेही टिकला नाही.

याच 'छोडो भारत' चळवळीतून उभे राहिलेले साताऱ्याचे प्रतिसरकार मात्र १९४३ पासून १९४६ पर्यंत चालले. न्यायदान, बाजारभावांवर नियंत्रण, दरोडेखोरांचा बंदोबस्त अशी राज्यकारभाराची कामे भूमिगत माणसे करीत होती. एवढ्या कामाला रोजची खबरबात लागते. ती पोचत कशी होती?

आधी भूगोल. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुकेही होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र, नागनाथअण्णा नायकवडींचे वाळवा, जी. डी. बापू लाड आणि तुफान सेनेचे कुंडल ही गावे आज सांगलीत शोधावी लागतात. मध्ये कृष्णा, वारणा, येरळा या नद्या, आणि पावसाळ्यात कृष्णा फुगली की अलीकडचा निरोप पलीकडे नेणे हेच एक काम.

तारा आणि टेलिफोन सरकारच्या हाती होते. भूमिगत ते तोडू शकत, वापरू शकत नव्हते. उरला बिनतारीचा पर्याय, आणि त्याचा खर्च केवळ यंत्राच्या किमतीपुरता नव्हता. महायुद्ध सुरू होताच हौशी बिनतारी परवाने रद्द करून सरकारने यंत्रे जमा करून घेतली होती. त्यामुळे सुटे भाग चोरवाटेनेच मिळवावे लागत. खेड्यांत वीज नव्हती, म्हणजे बॅटऱ्या आल्या. त्या भारित करायला पुन्हा शहर गाठणे आले. व्हॉल्व्ह जळला तर मुंबई. चालवायला प्रशिक्षित माणूस हवा, आणि तो पकडला गेला की यंत्र निव्वळ ओझे. मुंबईत वीज होती, रेडिओ व्यवसायातली माणसे होती, पैसा उभा करणारे होते. तरीही रेडिओ वाचला नाही.

त्याचे कारण यंत्राच्या स्वभावातच आहे. प्रक्षेपक बोलू लागला की आपला ठावठिकाणाही सांगतो. दोन-तीन ठिकाणांहून दिशाशोधक ग्राहकाने त्या लहरींची दिशा मोजायची, नकाशावर रेषा ओढायच्या, आणि त्या जिथे छेदतील तिथे जाऊन दार ठोठावायचे. म्हणून काँग्रेस रेडिओ सतत जागा बदलत राहिला. अखेरचा घाव मात्र माणसाकडूनच आला : अटकेत असलेल्या तंत्रज्ञाने पोलिसांना जागा दाखवली.

शिवाय हा रेडिओ एकतर्फी होता. देशाला तो ऐकू जाई, पण देशाचे त्याला ऐकू येत नसे. त्यासाठी बातम्या घेऊन माणसेच मुंबईला येत.

दुतर्फी बिनतारीची किंमत काय असते, हे त्याच काळात युरोपात दिसत होते. टिपू सुलतानाच्या वंशातली नूर इनायत खान ब्रिटिश हेरखात्याची बिनतारी चालक म्हणून जून १९४३ मध्ये फ्रान्समध्ये उतरली. अशा चालकांकडच्या एका प्रचलित संचाचे वजन सुमारे १५ किलो होते. ऑक्टोबरमध्ये ती पॅरिसमध्ये पकडली गेली, आणि पुढच्या वर्षी दाखाऊच्या छळछावणीत तिला ठार मारण्यात आले. तिच्यामागे तर एका साम्राज्याची तिजोरी उभी होती.

नूर फ्रान्समध्ये उतरली त्याच महिन्यात, ७ जून १९४३ रोजी, तुफान सेनेने शेणोली येथे पुणे-मिरज गाडी अडवली. सरकारी नोकरांच्या पगाराचा पैसा त्या गाडीत होता. कोणत्या गाडीतून तो येणार, हे आधी कळल्याशिवाय असा बेत आखताच येत नाही.

अशी खबर आणणारी माणसे कोण होती? रामापूरचे गणपती बाळा यादव निरोप्याचे काम करीत. भूमिगतांपर्यंत ते निरोप पोचवीत आणि जेवणही. 'संदेशवहन' आणि 'रसद' असे दोन वेगळे विभाग तिथे नव्हतेच. भाकरीचे गाठोडे घेऊन निघालेल्या माणसाकडे निरोपही असे. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पोलिसांच्या हालचालींची खबर काढीत. डाकबंगल्यावर किती शिपाई आहेत, कोण केव्हा येते-जाते, हे आधी पाहून येणे हे त्यांचे काम. माहेरी निघालेल्या किंवा आठवडी बाजाराला चाललेल्या बाईला प्रत्येक चौकीवर अडवायचे, तर सरकारला सगळा जिल्हाच अडवावा लागला असता.

ही यंत्रणा खऱ्या अर्थाने दुतर्फी होती. निरोप्या उत्तर घेऊन परत येई, वाटेत काय दिसले ते सांगे, आणि त्याला उलट प्रश्नही विचारता येत. तिला आणखी एक आधार होता, तो म्हणजे सरहद्दींचा. कुंडल ब्रिटिश मुलखात नव्हते. ते औंध संस्थानात होते. सांगली, मिरज, जत या संस्थानांचे तुकडेही आसपास विखुरलेले. पायी चालणारा माणूस सहज हद्द ओलांडे. ब्रिटिश पोलिसांना मात्र तिथे कारवाई करण्यापूर्वी दुसऱ्या दरबाराचा विचार करावा लागे.

या साऱ्याचे नुसते कौतुक करणे योग्य नाही. पायी जाणारा निरोप सावकाश पोचतो, आणि तोवर परिस्थिती पालटलेली असू शकते. कुंडल, वाळवा अशा निरनिराळ्या गटांना बऱ्याचदा आपापल्या अंदाजानेच निर्णय घ्यावे लागले असतील, तर नवल नाही. दिशाशोधक यंत्राऐवजी इथे भीती होती खबऱ्याची. खबऱ्यांना प्रतिसरकारने दिलेल्या कठोर शिक्षा याच भीतीतून आल्या होत्या, आणि 'पत्री सरकार' हे नाव त्या शिक्षांमुळेच लोकांच्या तोंडी बसले. बिनतारीचा खर्च वाचला खरा, पण गावागावांत परस्परांवर पाळत ठेवण्याचा खर्च टळला नाही.

इतिहासाच्या साधनांनी मात्र दोघांना उलटा न्याय दिला. काँग्रेस रेडिओची प्रक्षेपणे पोलीस ऐकत आणि उतरवून घेत. ते कागद टिकले, म्हणून तीन महिन्यांच्या त्या रेडिओवर काय बोलले गेले ते आज वाचता येते. साताऱ्याच्या निरोप्यांनी जे तोंडी नेले, ते कुठल्या दफ्तरात शिरलेच नाही. गणपती यादव आणि हौसाताई यांच्या आठवणी पत्रकार पी. साईनाथ यांनी टिपल्या, तेव्हा दोघांनीही वयाची नव्वदी ओलांडली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये हौसाताई गेल्या.