रडारच्या पडद्यावरचे महालनोबिस

रडारला आकाशात एक ठिपका दिसतो, इन्फ्रारेड कॅमेऱ्यालाही एक दिसतो. दोन्ही एकाच विमानाचे, की दोन वेगळ्या विमानांचे? लक्ष्य ओळखण्याचं पुढचं सगळं काम इथे अडतं. उत्तर चुकलं, तर एका विमानाची उष्णता दुसऱ्याच्या वेगाला जोडली जाते आणि आकाशात नसलेलंच काहीतरी ‘ओळखलं’ जातं.

अनेक सेन्सरांची माहिती जुळवण्याच्या या विद्येचा इतिहास बहुधा १९४० पासून सांगतात. लंडनजवळ बेंटली प्रायरीच्या फिल्टर रूममध्ये वेगवेगळ्या रडार ठाण्यांचे निरोप एका नकाशावर जुळवले जात. मग येतो १९६० चा कलमन फिल्टर, म्हणजे हलत्या वस्तूची पुढची जागा वर्तवणारं गणित. पण ‘हे दोन ठिपके एकाचेच का?’ हे ज्या मापाने ठरवतात, त्याचा माग काढत गेलो तर तो थेट नागपूरला पोहोचतो.

१९२० साली नागपुरात इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापं तपासायला सांगितलं. त्यातून प्रश्न उभा राहिला: दोन समाजगट एकमेकांपासून किती दूर, हे कसं मोजायचं?

संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांचं एक माप तेव्हा प्रचलित होतं. महालनोबिस यांचा आक्षेप असा, की जास्त माणसं मोजली की ते माप फुगतं; खरं अंतर असं वाढता कामा नये. शिवाय उंच माणसाचं डोकंही सहसा लांब असतं. दोन्ही फरक सुटे धरले, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. हा परस्परसंबंध हिशेबात घेणारं त्यांचं ‘डी-वर्ग’ हे माप १९३६ साली सिद्ध झालं.

रडारची अडचणही अशीच आहे: सगळे फरक एकाच वजनाने मोजून चालत नाही. ६० किलोमीटरवरच्या विमानाचं अंतर सांगताना रडार समजा ५० मीटर चुकतं, पण दिशेत एक अंश. तेवढ्या लांब एक अंश म्हणजे आडवा सुमारे एक किलोमीटर. आता दुसऱ्या, बऱ्याच अचूक सेन्सरचा ठिपका एक किलोमीटर आडवा पडला, तर डी-वर्ग, म्हणजे त्या दिशेच्या चुकीने भागलेल्या फरकाचा वर्ग, येतो सुमारे १. अर्धाच किलोमीटर पुढे पडला, तर १००! ठिपके एकाच विमानाचे असतील, तर दोन मापांसाठी डी-वर्ग ९९ टक्के वेळा ९.२१ च्या आत राहतो. म्हणजे लांबचा ठिपका आपला आणि जवळचा परका.

कोणी म्हणेल, संख्याशास्त्रज्ञ हॅरल्ड होटेलिंग यांचं ‘टी-वर्ग’ हे माप १९३१ चं, म्हणजे आधीचं. नमुनासंख्येचा गुणक बाजूला काढला, तर दोन्ही सूत्रं एकच, हे मान्य. पण तो गुणकच तर वादाचं मूळ आहे! ‘फरक आहे का?’ हा होटेलिंग यांचा प्रश्न, ‘फरक केवढा?’ हा महालनोबिस यांचा. ठिपके जुळवताना दुसराच लागतो.

मग हे सूत्र कलकत्त्याहून रडारपर्यंत गेलं कसं? माझा कयास असा, की अभियंत्यांनी ते उचललं नाही, ते त्यांना कलमनच्या गणितातच मिळालं. अपेक्षित जागा किती चुकू शकते आणि त्या चुका एकमेकींत कशा गुंतल्या आहेत, हा तक्ता कलमन फिल्टर दर वेळी तयार ठेवतो. त्यावरून अंतर काढायला गेलं की डी-वर्गच हाती येतो. महालनोबिस हे नाव मागाहून जोडलं गेलं असावं, पण ते योग्य माणसाचं जोडलं गेलं. या विद्येच्या इतिहासात बेंटली प्रायरीच्या आधी नागपूरचं ते अधिवेशन नोंदवलं गेलंच पाहिजे.