चासच्या माहेरापासून शेतावरच्या मुक्कामापर्यंत

राजगुरुनगरहून भीमेच्या काठाने वर गेलं की चास लागतं. थोरल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंचं हे माहेर. त्यांचे वडील महादजी कृष्ण जोशी चासकर हे मोठे सावकार. १७४९ मध्ये काशीबाईंनी इथे सोमेश्वराचं देऊळ बांधलं. दिवाळीनंतरच्या त्रिपुरी पौर्णिमेचा इथला उत्सव आजही नावाजलेला आहे. पेशव्यांच्या घरी नांदायला गेलेल्या लेकीचं माहेराशी नातं असं दगडात कोरलं गेलं. बाकीच्या लेकींसाठी ते नातं दरवर्षी दिवाळीत ताजं व्हायचं.

चास ज्यात येतं त्या खेड तालुक्यात शरदातली सुट्टी म्हणजे दिवाळी आणि दिवाळी म्हणजे आजोळ. वसुबारसेला गाय-वासराची पूजा, नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याने फोडलेलं कारीट, नव्या जावयाचा दिवाळसण, शेवटी भाऊबीज. सासरी वर्षभर राबलेली लेक चार दिवस पाटावर बसून जेवायची.

पण हेच दिवस सुगीचे. भीमाशंकरच्या बाजूला, वाडा-भोरगिरी पट्ट्यात, भात नेमकं याच सुमारास कापणीला येतं. पेंढ्या खळ्यावर यायच्या, झोडणी चालायची, मुलं पेंढ्यात लोळायची आणि पाहुण्याच्याही हाती विळा यायचा. पहाटे शेतावर गेलेली घरची सून परतल्यावर पुन्हा चुलीपुढे बसायची. नणंदेचं माहेरपण तिच्याच कष्टांवर पार पडायचं आणि त्या कष्टांचा हिशेब कोणीच ठेवत नसे.

स्वातंत्र्यानंतर गावाची वाट सोपी झाली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे बैलगाडीच्या वाटा एसटीच्या झाल्या. पोटापाण्यासाठी मुंबई गाठलेल्या इथल्या माणसांनाही गाव जवळ आलं. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी कितीतरी जण मूळचे खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नरचे. गावच्या यात्रांसाठी ते आजही उन्हाळ्याच्या तोंडावर एकदमच रजा घेतात.

नंतर चाकणला कारखाने आले. मराठवाडा-विदर्भातून आलेले कामगार दिवाळीत इथून आपापल्या गावी जाऊ लागले. दुसरीकडे, ज्यांची जमीन एमआयडीसीत गेली त्यांच्या नातवंडांच्या आजोळी ना गोठा उरला ना खळं.

गाव असं हातून सुटण्याची वेळ फ्रान्सवर आधीच आली होती. खेडी ओस पडत होती, शेतघरं पडून होती. १९५१ मध्ये सिनेटर एमिल ओबेर यांच्या पुढाकाराने आल्प्सच्या डोंगराळ भागात पहिलं ग्रामीण ‘जीत’ सुरू झालं. जुनं घर सरकारी मदतीने दुरुस्त करायचं आणि सुट्टीत शहरी कुटुंबांना भाड्याने द्यायचं, अशी ती योजना. १९५५ मध्ये या घरमालकांचा राष्ट्रीय संघ उभा राहिला. तिथल्या शाळांना शरदात सुट्टी लागली की कुटुंबं आजही अशा घरांत उतरतात.

महाराष्ट्रातही याच वाटेने पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये बारामतीजवळ पळशीवाडीत कृषी पर्यटन केंद्र सुरू केलं. खेडच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात राजुरीचं ‘पराशर’ हे असंच केंद्र नावारूपाला आलं. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं आणि किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला नोंदणीची वाट मोकळी झाली. ज्यांना आजोळ उरलं नाही, अशी पिंपरी-चिंचवडची कुटुंबं आता पैसे मोजून शेतावर मुक्काम करतात, पिठलं-भाकरी खातात, मुलांना दूध कसं काढतात ते दाखवतात.

गावाने पाहुणचाराचे पैसे घेतले म्हणून हळहळणारे अनेक आहेत. पण पाहुण्यासाठी भाकरी थापणाऱ्या बाईच्या कामाला पहिल्यांदाच मोल मिळण्याची शक्यता इथे आहे. त्या पैशातून गाय दावणीला राहते, भातखाचर पडीक पडत नाही. खेडच्या पश्चिम पट्ट्यात अशी केंद्रं जरूर वाढावीत. मात्र मुक्कामाचा दर ठरवताना त्या बाईची मजुरी वेगळी धरली जावी आणि केंद्राच्या नोंदणीत घरधन्याच्या जोडीला तिचंही नाव लागावं.