तीन देशांचा खेळाडू : लास्लो कुबाला

देवळाच्या महोत्सवाच्या स्मरणिकेत एका परदेशस्थ फुटबॉल खेळाडूची हकीकत कशासाठी, अशी शंका आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर इतकेच की, आपल्या पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी पोटासाठी परमुलखी गेलेले आहे, आणि तेथे अंगच्या गुणास किंमत येते ती हातातील कागदपत्रे पुरी असली तरच, हा अनुभव त्यांपैकी अनेकांच्या पदरी आहे. हंगेरी देशाचा लास्लो कुबाला याचे आयुष्य याच एका गोष्टीभोवती फिरले. चेंडू पायाशी असता त्यास अडविणारे विरळा. परंतु त्याने कोणत्या देशाच्या नावाने खेळावे, किंबहुना खेळावे की नाही, हे पुष्कळदा इतरांनीच ठरविले.

कुबालाचा जन्म १० जून १९२७ रोजी बुडापेस्ट शहरी एका सामान्य कामकरी कुटुंबात झाला. घराण्यात स्लोव्हाक रक्त होते, आणि ही गोष्ट पुढे त्याच्या उपयोगी पडली. १९४५ साली तो फेरेन्त्सवारोश या नामांकित संघात दाखल झाला. पण १९४६ साली सक्तीची लष्करी नोकरी चुकविण्यासाठी त्याने ब्रातिस्लाव्हा गाठले. तेथे दाउचिक नावाच्या फुटबॉल शिक्षकाच्या बहिणीशी त्याचा विवाह झाला, आणि चेकोस्लोव्हाकियाच्या वतीने तो सहा आंतरराष्ट्रीय सामने खेळला. १९४८ साली स्वदेशी परतून हंगेरीच्या वतीनेही तीन सामने त्याने खेळून घेतले. वय अवघे एकवीस, आणि दोन राष्ट्रांचा पोशाख अंगावर चढून उतरलेला!

तो काळ हंगेरीत मोठा कठीण होता. साम्यवादी पक्षाने सर्व सत्ता हाती घेतली होती. एस्टरगोमचे आर्चबिशप कार्डिनल योझेफ मिंड्सेंटी यांस २६ डिसेंबर १९४८ रोजी, म्हणजे संत स्तेफन रक्तसाक्षी याच्या सणाच्याच दिवशी, अटक झाली. आणि पुढील फेब्रुवारीत खटल्याचा देखावा होऊन त्यांस जन्मठेप सुनावण्यात आली. या दोन घटनांच्या मधल्या काळात, जानेवारी १९४९ मध्ये, कुबाला रशियन शिपायाच्या वेशात एका मालमोटारीच्या पाठीमागे बसून सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियात पळाला. तो धर्मासाठी पळाला असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. त्यास खेळावयाचे होते, कमवावयाचे होते, आणि आपल्या आयुष्याची दोरी सरकारच्या हाती द्यावयाची नव्हती. एवढ्यावरून त्यास पळपुटा म्हणावे की काय, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. आम्हांस तसे म्हणवत नाही.

ऑस्ट्रियातून तो इटलीत आला. मिलानजवळच्या बुस्तो आर्सित्झिओ गावच्या प्रो पात्रिया संघाने त्यास आसरा दिला. त्या वेळी इटलीत तोरिनो संघाची तोड नव्हती. देशाचे अजिंक्यपद तो वर्षानुवर्षे राखून होता. मे १९४९ मध्ये हा संघ लिस्बन येथे बेन्फिकाशी स्नेहाचा सामना खेळावयास निघाला, आणि कुबालानेही सोबत यावे असे ठरले. इतक्यात त्याची बायको तान्हे मूल घेऊन इटलीत येऊन पोहोचली. मूल आजारी होते. कुबालाने जाण्याचा बेत रहित केला.

४ मे रोजी तोरिनो संघास घेऊन परतणारे विमान दाट धुक्यात तुरिन शहरावरील सुपेर्गा टेकडीवर, तेथील महामंदिराच्या मागील भिंतीवर जाऊन आदळले. एकतीस माणसे होती. एकही वाचले नाही. त्यांत अठरा खेळाडू होते, आणि त्या अठरांत ब्रातिस्लाव्हास कुबालाच्याच संघात खेळलेला युलिउस शुबर्टही होता. हे महामंदिर नवसाचे आहे. १७०६ साली फ्रेंच सैन्याने तुरिनला वेढा घातला असता सव्हॉयच्या ड्यूकने विजय मिळाल्यास मारियामातेच्या नावे मंदिर बांधीन असा नवस केला, आणि वेढा उठल्यावर तो फेडला. संकटातून सुटल्याची खूण म्हणून उभारलेल्या त्या भिंतीपाशीच हा अनर्थ घडावा, आणि लेकराच्या दुखण्यामुळे एक बाप वाचावा, यातील ईश्वरी संकेत उलगडण्याचे धाडस आमच्या लेखणीस होत नाही.

जीव वाचला, पण खेळ थांबला. कराराचा भंग केला, परवानगीवाचून देश सोडला आणि लष्करी नोकरी टाळली, असे आरोप हंगेरीच्या फुटबॉल मंडळाने त्याच्यावर ठेवले, आणि जागतिक फुटबॉल संघटनेने त्यास एक वर्ष खेळण्याची बंदी केली. इटलीतील चिनेचित्ता येथे, जेथे पूर्वी चित्रपट तयार होत, तेथे तेव्हा निर्वासितांची छावणी होती. पूर्व युरोपातून पळून आलेले खेळाडू जमवून १९५० साली तेथे 'हंगारिया' नावाचा संघ उभा राहिला. शिक्षक अर्थात मेहुणा दाउचिक. देश नाही, मैदान नाही, कोणत्याही स्पर्धेत स्थान नाही, असा हा संघ गावोगाव सामने करीत स्पेनमध्ये गेला. तेथे माद्रिदकरांनीही कुबालास हेरले होते. परंतु बार्सेलोनाच्या योसेप सामितिएर याने जून १९५० मध्ये त्याची सही मिळविली. कुबालाने अट घातली की मेहुण्यासही संघाचा शिक्षक नेमावे, आणि ती मान्य झाली. सर्वस्व गमावलेल्या माणसाने पहिल्या सौद्यातच नातेवाइकाची सोय करावी, हे आपल्याकडील लोकांस नवल वाटणार नाही.

बंदी उठल्यावर त्याने जो खेळ केला त्यास स्पेनमध्ये उपमा नव्हती. चेंडूस बाक देऊन बचावाच्या भिंतीवरून गोलात उतरविण्याची त्याची हातोटी तेथील प्रेक्षकांनी पूर्वी क्वचितच पाहिली होती. १९५१-५२ च्या हंगामात लीगच्या एकोणीस सामन्यांत त्याने सव्वीस गोल केले. त्यांतील सात हिखॉन संघावर एकाच सामन्यात! त्या वर्षी बार्सेलोनाने पाच चषक जिंकले. लगेच पुढील हंगामात त्यास क्षयाने गाठले. त्याचा खेळ संपला असेच सर्व धरून चालले असता, काही महिने डोंगरातील हवेत राहून तो त्याच हंगामात परत मैदानावर आला, आणि लीग व राष्ट्रीय चषक दोन्ही पुन्हा बार्सेलोनाकडे राहिली.

जुने लेस कोर्त्स मैदान गर्दीस पुरेना. नवे मैदान कुबालामुळेच बांधावे लागले असे सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, कारण तो लीगमध्ये उतरण्यापूर्वीच जागेचा व्यवहार सुरू झालेला होता. तथापि लोकांची रीघ त्याने लावली, हे खरे. २८ मार्च १९५४ रोजी आर्चबिशप मोद्रेगो यांनी पायाच्या दगडास आशीर्वाद दिला, आणि २४ सप्टेंबर १९५७ रोजी, त्या नगरीची आश्रयदाती करुणामाता हिच्या सणादिवशी, काम्प नोउ मैदान खुले झाले.

स्पेनमध्ये आल्यावर आगिलास या समुद्रकाठच्या गावी कुबालाचा स्नानसंस्कार झाला, आणि तो स्पॅनिश नागरिक बनला. जनरल फ्रांकोच्या सरकारास हा पाहुणा साम्यवादाविरुद्धचा बोलका पुरावा म्हणून हवाच होता; १९५५ साली त्याच्या पलायनावर चित्रपट निघाला व त्यात कुबालानेच आपली भूमिका केली. त्या स्नानसंस्कारात श्रद्धा किती आणि कागदाची गरज किती, हे तोलण्याचा काटा आपल्यापाशी नाही. तो संत नव्हता. मद्याची आवड त्यास होती आणि रात्रीच्या बैठकी त्याच्या प्रसिद्ध होत्या. पण देश सोडून आलेल्या कोणा हंगेरियनाने दार ठोठावले तर त्यास रिकाम्या हाताने परतविले नाही, अशी त्याची ख्याती राहिली.

कागदाने त्यास पुरते कधी सोडले नाही. १७ मार्च १९५४ रोजी रोम येथे स्पेन व तुर्कस्तान यांचा निर्णायक सामना होता. विजेता जागतिक स्पर्धेस जाणार होता. खेळ सुरू होण्याच्या सुमारास एक तार आली. कुबालास खेळविण्याबाबत हरकत आहे, असा तिचा आशय. भयाने स्पेनने त्यास बाहेर बसविले. सामना दोन-दोन बरोबरीत सुटला. मग एका मुलाचे डोळे बांधून त्याच्याकडून चिठ्ठी काढविली, आणि ती तुर्कस्तानची निघाली! १९५८ साली स्पेनचा संघ पात्र ठरला नाही, आणि १९६२ साली चिली येथे कुबाला गेला तो दुखावलेल्या पायाने. स्पेनसाठी एकोणीस सामने व अकरा गोल, त्यापूर्वीच्या दोन देशांचे नऊ सामने, १९५३ साली वेंब्ली येथे इंग्लंडविरुद्ध युरोपच्या निवडक संघातून दोन गोल, इतके पदरी असून जागतिक स्पर्धेचा एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही.

युरोपच्या चषकाचीही तीच कथा. ३१ मे १९६१ रोजी बर्न येथे बार्सेलोना अंतिम सामन्यात बेन्फिकाशी खेळली. कुबालाचा एक फटका एका खांबावर आपटला, रेषेवरून दुसऱ्या खांबाकडे गेला, आणि तेथूनही बाहेर आला. बार्सेलोना तीन-दोन हरली. योगायोग असा की, बार्सेलोनाचे दोन्ही गोल करणारे कोचिश व त्सिबोर हे हंगेरियन, आणि विजयी संघाचा शिक्षक बेला गुटमन हाही हंगेरियनच!

त्यानंतरही त्याचे पाय एका जागी ठरले नाहीत. एस्पान्योल, झुरिक, आणि १९६७ साली कॅनडातील टोरोंटो. पुढे १९६९ पासून १९८० पर्यंत तो स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा शिक्षक होता, आणि १९७८ साली आर्जेंटिनातील जागतिक स्पर्धेस त्याने स्पेनचा संघ नेला. खेळाडू म्हणून जे दार त्यास बंद राहिले, त्यातून तो शिक्षक होऊन आत गेला. मग सौदी अरेबिया झाला, आणि १९९५ साली पॅराग्वेही झाला.

१७ मे २००२ रोजी बार्सेलोना येथे त्याचे निधन झाले. २००९ साली काम्प नोउच्या आवारात त्याचा पुतळा उभारण्यात आला. चेंडू मारण्यासाठी पाय उचललेल्या स्थितीत तो घडविला आहे.