‘निजामकालीन’ म्हणजे नेमके कोणत्या काळातील?

नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या किल्ल्याला ‘निजामकालीन’ म्हटल्यास अर्थ संदिग्ध राहतो, कारण ‘निजाम-उल-मुल्क’ या पदवीवरून दोन भिन्न राजवटी ओळखल्या जातात.

अहमदनगरची निजामशाही : १४९० ते १६३६. अखेरच्या काळात शहाजीराजे तिच्याच रक्षणासाठी मोगलांशी झुंजले. कंधार १६३१ मध्ये मोगलांनी घेतले, तेव्हा ते याच राज्यात होते.

हैदराबादची आसफजाही : १७२४ ते १९४८. लातूर जिल्ह्यातील उदगीरला १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी नमवलेला निजाम हा. मराठवाड्याचा मुक्तिसंग्रामही याच राजवटीविरुद्ध झाला.

दोहोंत ८८ वर्षांचे अंतर आहे. ते विसरल्यास शहाजीराजांचे राज्य आणि रझाकारांचे राज्य एकच ठरते. म्हणून नोंदींत ‘निजामशाही’ आणि ‘आसफजाही’ हे शब्द वेगळे ठेवावेत.