गौरसाहेबांचा जाड ग्रंथ

मार्च 1998 मध्ये आपण दहावीची परीक्षा दिली तेव्हा आपण अकोला जिल्ह्यातले होतो. 1 जुलैला अकरावीच्या प्रवेशाच्या धावपळीत असतानाच वाशीम जिल्हा झाला. आपली बॅच म्हणजे अकोला जिल्ह्यात शिकून वाशीम जिल्ह्यात बाहेर पडलेली. खरं तर वाशीमला जिल्हा ही गोष्ट नवी नव्हती. इंग्रजांच्या काळात बासिम या नावानं तो होताच, 1905 मध्ये मोडून अकोल्यात मिसळला गेला होता. हे आपल्याला इतिहासाच्या तासाला कोणी सांगितलं असेल तर मी त्या दिवशी गैरहजर असणार.

त्या उन्हाळ्यात आपल्या वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, मी लॉ करणार, जज होणार. नाव लिहीत नाही. ती न्यायिक सेवेत आहे आणि "स्मरणिकेत मला आणू नको" असं तिनं बजावलं आहे. तुम्ही ओळखालच. तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हटलं होतं, "वकील होऊन काय करशीन वं? काळा कोट घालून टायपिंगवाल्यापाशी उभी राहशीन." सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मीच हसले. पुढे मी इंजिनिअर झाले, ती अमरावतीला लॉला गेली.

यंदा माझी मुलगी बारावीला आहे. तिला पाच वर्षांचा लॉ आणि पुढे अपराधशास्त्र करायचं आहे. माझ्या तोंडात पुन्हा तेच वाक्य येऊ लागलं, म्हणून मी तिला घेऊन थेट या मैत्रिणीकडे गेले. तिच्या कपाटात एक लठ्ठ ग्रंथ होता, गौर यांचा 'पीनल लॉ ऑफ इंडिया'. "हे गौर कोण, माहीत आहे?" तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. परत आल्यावर महिनाभर वाचत बसले. त्यातलं थोडं इथं सांगते.

हरिसिंह गौर हे सागरचे. नागपुरात शिकले, केंब्रिजला गेले आणि बॅरिस्टर होऊन परतल्यावर मध्यप्रांतात, मुख्यतः नागपुरात त्यांनी वकिली केली. तेव्हा सागर, नागपूर आणि आपलं वाशीम एकाच प्रांतात होतं: मध्यप्रांत व वऱ्हाड. आज सागरला जायचं तर आपण परराज्यात निघालो असं वाटतं. 1956 पर्यंत तसं नव्हतं.

त्या काळात बाईनं कायदा शिकायला बंदी नव्हती. शिकून वकिली करायला होती. नाशिकला 1866 मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन ऑक्सफर्डला गेल्या, 1892 मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली, आणि त्या परीक्षेची पदवी हाती यायला 1922 उजाडलं. तीस वर्षं! मधल्या काळात त्यांनी बंगालमध्ये पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तेचं काम सरकारी सल्लागार म्हणून केलं. 1916 मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता हायकोर्टानं फेटाळला आणि 1921 मध्ये सुधांशुबाला हाजरा यांचा पाटणा हायकोर्टानं. दोघींकडे कायद्याची पदवी होती. प्रश्न एवढाच होता, की कायद्यातल्या 'व्यक्ती' या शब्दात बाई बसते का.

याचं उत्तर शेवटी कोर्टानं नाही, कायदेमंडळानं दिलं. केंद्रीय कायदेमंडळात हा विषय लावून धरणाऱ्यांत गौर पुढे होते. 1923 मध्ये कायदा झाला आणि केवळ स्त्री म्हणून वकिलीची सनद नाकारणं बंद झालं. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. वऱ्हाडातल्या मुलांची परीक्षा 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ होईपर्यंत त्याच विद्यापीठाकडे होती.

गौरांनी आयुष्यभराच्या कमाईतून 1946 मध्ये आपल्या गावी सागर विद्यापीठ काढलं. ते 1949 मध्ये वारले. दहा वर्षांनी, 1959 मध्ये, त्याच विद्यापीठात अपराधशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान यांचा विभाग सुरू झाला, भारतातल्या विद्यापीठांतला पहिला. दंडसंहितेवर हजारो पानं लिहिणाऱ्या माणसाच्या विद्यापीठात हा विषय रुजावा, याचं मला अप्रूप वाटलं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हाच विषय समाजकार्याच्या अंगानं वाढला.

अपराधशास्त्र आणि फॉरेन्सिक यात माझा पार गोंधळ होता. मैत्रिणीनं मुलीला समजावलं, "शर्टावरचा डाग कोणाच्या रक्ताचा, ते फॉरेन्सिकवाले सांगतात. तो पोरगा एकोणिसाव्या वर्षी चाकू घेऊन तिथवर कसा पोचला, आणि सुटल्यावर पुन्हा येईल का, ते अपराधशास्त्र विचारतं. माझ्यासमोर दोन्ही येतात. पहिल्याचा अहवाल असतो. दुसऱ्याचा बहुधा नसतो."

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. (1 जुलै ही तारीख आपला पिच्छा सोडत नाही.) खुनाचं 302 कलम 103 झालं आणि फसवणुकीचं 420 गेलं 318 मध्ये. मी म्हटलं, आमच्याकडे याला मायग्रेशन म्हणतात. ती म्हणाली, "तुमच्याकडे जुनी सिस्टीम बंद करता. आमच्याकडे त्या तारखेआधीचे गुन्हे जुन्याच कलमांनी चालतात. दोन्ही डोक्यात ठेवा." सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जावं, अशी तरतूदही नव्या प्रक्रिया संहितेत आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे तालुक्यातालुक्यात अशी माणसं लागणार. ती कुठून येणार?

मुलीला मात्र थेट जज व्हायचं होतं. तिथं मैत्रीण कडक झाली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. 2002 मध्ये ती काढली होती. निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख आपल्या अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई. मुलीचा चेहरा उतरला. पाच अधिक तीन, आठ वर्षं.

"आणि ती तीन वर्षं काय करायचं?" मुलीनं विचारलं.

"कोर्टात टायपिंगवाल्यापाशी उभं राहायचं," मैत्रीण माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी राहिले. पक्षकार आपली खरी गोष्ट तिथंच सांगतो, कोर्टात नाही."

सत्तावीस वर्षांनी मी तिची माफी मागितली. तिनं चहा गरम करायला घेतला आणि म्हणाली, तुला आठवतं होय ते? मला वाटलं मलाच आठवतं.

निघताना तिनं गौरांचा तो ग्रंथ मुलीच्या हातात दिला. कलमांचे आकडे जुने, कडेला पेन्सिलीच्या खुणा, पाठीचं कापड सुटलेलं. "वाचून परत आण," म्हणाली. गाडीत मुलीनं तो मांडीवर घेतला होता, आणि मालेगाव जाईपर्यंत आमच्यात कोणी बोललं नाही.